रानमांजरीची चोरटी वाट

फार जुनी गोष्ट. डोंगरातल्या एका झऱ्याचं पाणी पिऊन जनावरांची पोटं बिघडू लागली. भेकरीचं पाडसही आजारी पडलं. तिचा सगळा संशय रानमांजरीवर होता. कारण मांजर रोज पहाटे चोरपावलांनी टेकाडापलीकडे जाई, इकडेतिकडे बघत माती उकरी आणि काहीतरी पुरून परत येई.

'ही नक्की विष लपवते आहे,' भेकरीच्या मनाने घेतलं. एके दिवशी ती मागोमाग गेली आणि मांजरीने नुकताच बुजवलेला खड्डा तिने खुराने उकरला. भपकन घाण वास आला.

मांजर लाजून म्हणाली, "भेकरीताई, परसाकडे आले होते गं! पाण्यापासून लांब जावं, खड्डा करावा, वर माती लोटावी. त्यात काय बघायचं?"

"मग झरा कोण नासवतंय?"

"मी कशाला नाव घेऊ? झऱ्याच्या वरच्या अंगाला जाऊन बघ."

भेकरी तरातरा वर गेली. तिथे उतारावर लेंड्यांचा सडा पडला होता आणि त्यातूनच पाझर खाली झऱ्यात उतरत होता. लेंड्या तिच्या स्वतःच्याच होत्या.

मांजर पाठोपाठ आली होती. भेकरीने मान खाली घालून विचारलं, "खड्डा किती खोल करतेस गं?"