गोमीची तुडवण

ऐका, पण पाय हलवत ऐका. ही गोष्ट मांडी ठोकून ऐकायची नाही. समुद्र अडवणाऱ्या मातीच्या भिंतीला खाडीकाठची सगळी गावं बांध म्हणतात. वाकणखारात मात्र तिला तुडवण म्हणतात. का, तेच सांगते.

फार मागं, आपल्या आज्यांच्या आज्याही जन्मल्या नव्हत्या तेव्हा, गोमी नावाची सून या गावात आली. तिचं माहेर बांध फुटून खाऱ्या पाण्याखाली गेलं होतं. शेतं गेली, माणसं परागंदा झाली. तेव्हापासून तिच्या पायाला जी भिंगरी लागली, ती सुटली नाही. उधाण आलं की ही बांधावर. टाचेनं माती दाबून बघायची, खेकड्याचं बीळ दिसलं की बुजवायची. बाया हसायच्या, "आगो गोमे, जरा बस गो!"

"बसू कशी?" ती म्हणायची. "दर्या बसतो का?"

एका वर्षी बांधावर नवा चिखल चढवायचा होता. पण खाडीत जिताडा मासा लागलेला, मग काय विचारता! पुरुषांनी चिखलाचे गोळे भराभर टाकले आणि जाळी घेऊन पळाले. तुडवायचं राहूनच गेलं. गोमी ओरडली, "अरे, टाकला तो ढीग, तुडवला तो बांध!" पण ऐकतो कोण? सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलेलं.

भाद्रपदाच्या पुनवेला उधाण आलं आणि नवा चिखल पेजेसारखा विरघळू लागला. आत भात पोटरीला आलेलं. खारं पाणी एकदा शिरलं की पुढं कित्येक वर्षं दाणा नाही. गोमीनं पदर खोचला. माहेर गेलं, आता सासरही जाणार! ती बांधावर चढली आणि तुडवू लागली. असं म्हणतात, तिच्या पावलाखाली माती वर यायची. पाणी वीतभर चढलं की बांध दोन विती. ते बघून गाव खजील झाला. पोरंबाळं, म्हाताऱ्या, सगळी तिच्या मागोमाग तुडवू लागली. ओहोटी लागेपर्यंत कुणी थांबलं नाही.

भात वाचलं. गोमी मात्र दिसेना. चिखलात तिची पावलं होती, बांधभर गेलेली, फिरून आलेली, कुठंच न संपलेली.

आजही वाकणखारात नवी सून आधी तुडवणीवर अनवाणी चालते, मगच उंबरठा ओलांडते. आणि भाद्रपदाच्या पुनवेला बाया तुडवणीवर पाट मांडतात, तांदळाची भाकरी ठेवतात, हात जोडून म्हणतात, "गोमे, आता तरी बस गो."

सकाळी भाकरी नसते. पाटाभोवती चिखलाची पावलं असतात, असं म्हणतात. पाट मात्र कोरडाच.