आसरांचं तीर्थ

तळ्यावर हिरवी साय धरली होती. बेडूकसुद्धा ओरडत नव्हते. वर झाडी तोडून खोतांनी मळा केला होता, त्याची खतवलेली लाल माती दर पावसात इथं उतरे. गाव ती माती अडवणारा बांध मागायला काठावर जमलं, तर खोत म्हणाले, "बांध कशाला? तळ्यातल्या आसरादेवी प्रसन्न आहेत. हिरवा शालू नेसल्यात."

कोंडाबाई भोईण पाण्यात उतरली. तिनं वाटी भरून घेतली आणि फाटलेली साय तिच्यामागे गुपचूप मिटली.

"खरंय खोत. देवींची ओटी तुमच्याच मातीनं भरलीय. ओटी भरणाऱ्यानं पहिलं तीर्थ प्यायचं, ही गावाची रीत. घ्या."

खोतांचा हात पुढे येईना. वाटीतही साय धरू लागली.

"बांधाला दगड माझ्याकडून न्या," ते पुटपुटले.

"नेतो की आम्ही," कोंडाबाई म्हणाली. "बांध होईस्तोवर तीर्थ ठेवते झाकून."