रांग नसलेलं जंगल

एक होतं जंगल, नाव बारापळस. पळस मोजायला गेलं तर सातच भरायचे. उरलेले पाच लावल्याचा समारंभ मात्र तीनदा झाला होता, आणि तिन्ही वेळा भाषणं झाली होती.

या जंगलाचा राजा गवेराव नावाचा गवा. रीतसर निवडून आलेला. तो समोर उभा राहिला की त्याच्या मागचं काही म्हणता काही दिसायचं नाही. आणि ज्या अर्थी दिसत नाही त्या अर्थी सगळं ठीकच असणार, असं प्रजा समजून चालायची. प्रधान होता एक तरस. तो न विचारता हसायचा, त्यामुळे दरबारात वातावरण खेळीमेळीचं राहायचं.

जंगलात पाणवठा एकच. उन्हाळ्यात तो आटायचा, तेव्हा वरच्या जंगलातले हत्ती आपल्या बांधातून थोडं पाणी खाली सोडायचे. गरीब जंगलांना पाणी द्यायचं, असा त्यांचा जुना रिवाज होता. तेवढ्यावर बारापळस कसंबसं पावसाळ्याला टेकायचं.

पाणवठ्यापासून लांब, उघड्या माळावर साळूबाई नावाची सायाळ राहायची. घरात ती आणि तिची म्हातारी सासू भिवराबाई, दोघीच. म्हातारीचे पाय गेले होते, जीभ मात्र शाबूत. आता सायाळीच्या शेपटीला काही काटे पोकळ असतात, नळीसारखे, टोकाला उघडे. साळूबाई रोज सकाळी पाणवठ्यावर रांगेत उभी राही, नंबर आला की शेपटी पाण्यात बुडवी, आणि भरलेल्या नळ्या आभाळाकडे धरून माळ चढून घरी येई. अर्धं वाटेत सांडायचं. उरलेल्या अर्ध्यावर भिवराबाई जगायची, आणि पिऊन झाल्यावर म्हणायची, "आज पाण्याला शेपटीचा वास येतोय गं."

"उद्या गुलाबपाणी आणते, आत्याबाई," साळूबाई म्हणायची. एवढंच त्यांचं भांडण.

त्या वर्षी थंडीत परदेशातून नेहमीचे करकोचे आले. करकोचे शिकलेले. एका पायावर उभे राहून विचार करायचे, म्हणून सगळे त्यांना मान द्यायचे. ते म्हणाले, "आम्ही आता जंगलांना प्रमाणपत्र देतो. ज्या जंगलात पाण्याला रांग लागत नाही, ते विकसित. उन्हाळ्याच्या तोंडी परत जाताना पाहणी करू."

बोलण्यात चूक काहीच नव्हती. पाणी मुबलक असेल तर रांग लागेल कशाला? पण गवेरावांनी त्यातला 'रांग' एवढाच शब्द उचलला आणि शिंगावर घेतला.

दुसऱ्याच दिवशी सभा झाली.

"जंगलबांधवांनो," गवेराव गरजले, "आजवरच्या राजांनी तुम्हाला काय दिलं? रांग दिली! मी तुमच्याकडून एक गोष्ट कायमची काढून घेणार आहे. सांगा, काय काढून घेणार?"

"रांग!" प्रजा ओरडली.

साळूबाईनं आपलं भाबडेपणानं विचारलं, "म्हणजे पाणी वाढवणार का महाराज?"

तरस हसला. मग म्हणाला, "बाई, इथे विकासाचा विषय चाललाय. पाण्याचं राजकारण करू नका."

झालं, हुकूम सुटायला लागले. आधी रांग आडवी केली. आडवी रांग ही रांग नसून जनसंवाद आहे, असं ठरलं. पण संवाद फारच लांबलचक दिसायला लागला. मग हुकूम निघाला की प्रत्येकानं वेगवेगळ्या झाडाखाली थांबावं आणि सहज फिरायला आल्यासारखं दिसावं. ससे सहज फिरायला आल्यासारखे दिसता दिसता उन्हानं आडवे झाले. त्यांना विश्रांती घेत असलेले नागरिक म्हणून धरलं. शेवटी पाणवठ्यावर पाटी लागली: 'विकसित जंगलाला तहान लागत नाही. ज्याला लागते तो बाहेरचा.' तेव्हापासून ज्यानं त्यानं चोरासारखं यायचं, घोट घ्यायचा आणि ओठ पुसून निघायचं. पाण्याचा एक मोठा भाग पाहुण्यांसाठी म्हणून गवेरावांच्या लोळण्याच्या खड्ड्यात हलवला होता. पाहुणे यायचे होते, म्हणून तोवर गवेराव लोळत होते.

साळूबाई सगळं सोसत होती. बाहेरची तर बाहेरची, म्हातारीला पाणी मिळाल्याशी कारण.

पण विकास म्हटला की अहवाल आला, आणि अहवाल म्हटला की लेखण्या आल्या. कुणीतरी तरसाला सांगितलं, की सायाळीच्या शेपटीच्या नळीसारखी लेखणी नाही. तरस चार रानडुकरं घेऊन माळावर आला. रानडुकरांनी साळूबाईला दाबून धरलं आणि एकेक नळी मुळापासून उपटली. साळूबाई किंचाळली. भिवराबाई जागेवरूनच ओरडत होती, "अरे मुडद्यांनो, ते माझं पाणी आहे रे!"

"आता त्यात शाई भरणार आहोत, आजी," तरस म्हणाला. "जंगलाच्या इतिहासात तुमचं नाव राहील."

"इतिहास काय पिऊ का मी, भाड्या?"

तरस हसला. त्याचं हसणं काही थांबवता येत नसे.

दुसऱ्या दिवसापासून साळूबाई तोंडात पाणी आणू लागली. गाल फुगवून, ओठ मिटून, स्वतः एक थेंब न गिळता तिनं माळ चढायचा. घशाला कोरड पडलेली आणि तोंडात पाणी भरलेलं. करून बघा एकदा, म्हणजे कळेल.

अशीच एका सकाळी ती निघाली होती, तोच समोरून पाहणीची मिरवणूक आली. पुढे करकोचे, मागे गवेराव, शेजारी तरस. पाणवठ्यावर एक चिटपाखरू नव्हतं. करकोचे प्रसन्न झाले होते. तरी त्यातला एक म्हातारा करकोचा जरा खवट होता. तो साळूबाईसमोर थांबला.

"बाई, घाबरू नका. खरं सांगा. या जंगलात पाणी पुरतं का?"

साळूबाईनं त्याच्याकडे पाहिलं. सगळं सांगायचं होतं तिला. रांग, झाडं, ससे, उपटलेली शेपटी. सगळं ओठांशी आलं होतं. पण ओठ उघडले तर पाणी सांडणार होतं. परत भरायला पाणवठ्यावर तिला कोण जाऊ देणार? आणि माळावर म्हातारी कालपासून वाट बघत होती.

तिनं ओठ घट्ट मिटले. डोळ्यांतून मात्र घळाघळा वाहायला लागलं.

"आनंदाश्रू," तरस म्हणाला.

'नागरिकांची तक्रार नाही,' असं वानर कारकुनानं अहवालात लिहिलं. साळूबाईच्याच शेपटीच्या लेखणीनं.

प्रमाणपत्र मिळालं. फटाके फुटले. बारापळस विकसित झालं, अशी आरोळी आठ दिवस चालली. नवव्या दिवशी वरच्या जंगलातून हत्तींचा निरोप आला: 'आपण विकसित झाल्याचं कळलं. अभिनंदन. यापुढे आपल्याला पाणी सोडण्याचं कारण उरलेलं नाही. ते पाणी आम्ही गरीब जंगलांना देऊ.'

गवेरावांनी तो निरोप भर सभेत वाचून दाखवला. "आता आपण घेणारे राहिलो नाही!" ते म्हणाले. टाळ्यांनी आसमंत दुमदुमला. टाळ्या वाजवणाऱ्यांच्या तोंडाला फेस आला होता, पण तो उत्साहाचा असावा.

पंधरा दिवसांत पाणवठ्याचा तळ भेगाळला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? साळूबाईनं मुळं उकरली, ओली माती चघळून तिचा ओलावा म्हातारीच्या जिभेवर पिळला. भिवराबाईनं तो चाखला.

"शेपटीचाच वास बरा होता गं," ती म्हणाली, आणि दुपारी गेली.

साळूबाई नोंद करायला दरबारात आली. वानर कारकुनानं मान वर न करता विचारलं, "कशानं गेल्या?"

"तहानेनं."

"तो रकाना काढून टाकला. विकसित जंगलात तहानेनं कुणी मरत नाही. म्हातारपण लिहू? ताप लिहू? काहीतरी चांगलं सांगा."

"ती तहानेनं मेली," साळूबाई म्हणाली. "तहानेनंच लिहा."

"मग नोंद होणार नाही बाई."

"नका करू. पण खोटं लिहू देणार नाही मी." एकदा ओठ मिटले होते, त्याचे भोग ती भोगत होती. आता तिला कुणाच्या बापाची भीती उरली नव्हती. ती तशीच परत गेली. नोंद झाली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात निवडणूक आली. पळसांपासून कोरड्या पाणवठ्यापर्यंत मतदारांची ही लांब रांग लागली. गवेराव कौतुकानं बघत होते. "ही रांग नव्हे," तरस सगळ्यांना समजावत होता, "हा उत्साह आहे."

साळूबाई त्या उत्साहात दिवसभर उन्हात उभी होती. मत कुणाला द्यायचं हे तिनं ठरवलं होतं, आणि एक काम करायचंही ठरवलं होतं. नंबर आला तेव्हा टेबलापाशी तोच वानर बसलेला होता. हातात तीच नळी.

"आधी आमच्या आत्याबाईंचं नाव काढा यादीतून," साळूबाई म्हणाली. "भिवराबाई. माळावरच्या. गेल्या उन्हाळ्यात वारल्या त्या."

वानरानं यादीवरून नळी फिरवली आणि एका नावापाशी थांबवली. तिथे खूण होती.

"काहीतरीच काय बाई," तो म्हणाला. "त्या तर सकाळीच मत देऊन गेल्या. विकास विकास म्हणतात तो हाच. रांगेतसुद्धा उभं राहावं लागलं नाही त्यांना."