राजाच्या पुढ्यातून परत गेलेला पेला

पहिल्या कुस्तीला मागितलेली थंडाई शेवटच्या कुस्तीला आली, आणि तीही कोमट! वर एक माशी पोहत होती.

नेमाजी वस्तादांनी पेला खाली ठेवला आणि एवढंच म्हणाले, "बाबांनो, पेला आणताय की गाईला चारा घालून, दूध काढून येताय?"

झालं! रणगावच्या आखाड्याला लागून असलेलं ते थंडाईघर होतं हैबतरावांचं, आणि हैबतराव होते राजांचे सख्खे मेहुणे. ऐसपैस ओट्यावर लोडाला टेकून कुस्ती बघायची, गरम भजी खायची, थंडाई प्यायची, अशी सोय. सोय कसली, शिक्षा! नोकरांची पाठ गिऱ्हाइकाकडे, डोळे कुस्तीकडे. हाक मारली की "आलो, आलो!" म्हणायचे आणि जागचे हलायचे नाहीत. वस्तादांचं बोलणं हैबतरावांना झोंबलं. त्यांनी राजांचा हुकूमच आणला: दुकानाची बदनामी करणाऱ्या नेमाजीला आखाडा बंद!

ज्या माणसानं उभा जन्म तांबड्या मातीत काढला, त्याला आखाडा बंद! म्हातारा जेवेना, कुणाशी बोलेना. त्याची लेक येसू रोज राजवाड्यात फुलं पोचवायची. बापाचं ते तोंड तिला बघवेना. फुलांची परडी घेऊन ती थेट राजांच्या पुढेच उभी राहिली.

"महाराज, आबा खोटं बोलले नाहीत. त्या दुकानात माणसाला कुणी विचारत नाही."

"काहीतरीच!" राजे गरजले. "मी स्वतः गेलो होतो. बसायच्या आत पेला हातात आला!"

"तुम्ही राजे आहात, महाराज. तिथे तहान बघत नाहीत, तुरा बघतात."

दरबारात कुणीतरी फिस्सकन हसलं. राजे एकदा हट्टाला पेटले की संपलंच!

"असं? मग ऐक! येत्या कुस्त्यांच्या मैदानाला मी जाईन, याच तुऱ्यासकट. तिथे मला ताटकळत ठेवून दाखव! दुकानातल्या कुणाशी बोलायचं नाही, कुणाला अडवायचं नाही. जमलं, तर तुझा बाप आखाड्यात. नाही जमलं, तर बापलेकीनं गाव सोडायचं!"

घरी नेमाजींनी कपाळाला हात लावला. "अगं येसू, काय कबूल करून आलीस! राजाला कोण ताटकळत ठेवणार?"

पण सकाळी फुलं घेऊन येसू राणीसाहेबांच्या महालात गेली आणि गजरा माळता माळता सहज बोलली, "राणीसाहेब, अख्खा गाव तुमच्या भावाच्या दुकानात जाऊन आला. तुम्हीच तेवढ्या राहिलात!"

"बोलावलंय कुणी?" राणीसाहेब फणकारल्या. "दुकान मिळवून दिलं मी, आणि मलाच साधं बोलावणं नाही!"

"भावाकडे जायला बोलावणं कशाला हवं? महाराज मैदानाला जाणारच आहेत. ते टेकले, की मागनं या. भावाची कशी धांदल उडते बघा!"

"येतेच! बघतेच कसा पाहुणचार करतो ते!"

मैदानाचा दिवस उजाडला. राजे तुरा लावून ओट्यावर बसले. चार नोकर धावले. कुणी लोड दिला, कुणी वारा घालू लागला, पाचवा बदामाच्या थंडाईचा पेला घेऊन निघाला. गर्दीत उभ्या येसूनं डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात दारावरचा चोपदार ओरडला, "राणीसाहेबांची स्वारी येते आहे होऽऽ!"

हैबतरावांच्या तोंडचं पाणी पळालं. बहिणीनं मिळवून दिलेलं दुकान, बहीण एका शब्दात काढूनही घेईल!

"अरे, तो पेला फिरव! आक्कासाहेबांना दे!"

राजांच्या हातापर्यंत आलेला पेला गर्रकन वळला.

"दाजीसाहेब, जरा पुढे सरकता? लोड आक्कासाहेबांना लागेल."

"हैबतराव, माझी थंडाई?"

"आणतो हो! तुम्ही काय, घरचेच!"

पंखेवाला गेला. भजी डोळ्यांदेखत पलीकडे गेली. आखाड्यात एक कुस्ती सुटली, दुसरी लागली. राजांनी खाकरून पाहिलं, टाळी वाजवून पाहिली. शेवटी जन्मात पहिल्यांदा ते ओरडले, "अरे, कुणी आहे का तिकडे?"

"आलो, आलो!" असा आवाज आला. आलं कुणीच नाही! अखेर राजे स्वतः उठले आणि कोपऱ्यातल्या माठातून पाणी घेऊन प्याले.

तिथंच येसूनं वाकून मुजरा केला.

"लबाडी!" राजे कडाडले. "राणीसाहेबांना तू आणलंस!"

"आणलं, महाराज. पण दुकानातल्या कुणाशी शब्द बोलले नाही, कुणाला अडवलं नाही. गिऱ्हाईक आणायला तुमची मनाई नव्हती."

"अगं, पण राजाच्या पुढ्यातला पेला परत गेला! असं कुठं घडतं का?"

"आमच्यापुढे रोज घडतं, महाराज. फक्त आमच्या पुढ्यातला पेला तुमच्याकडे यायचा!"

राजांनी येसूकडे पाहिलं, रिकाम्या हाताकडे पाहिलं आणि एकदम असे खदाखदा हसले, की तुरा डोक्यावरून घसरला! राणीसाहेबांनी तोंडाला पदर लावला.

"हरलो, पोरी!" राजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून येसूच्या हातात घातलं. "वस्तादांना मानानं घेऊन या! यापुढे प्रत्येक मैदानाची पहिली कुस्ती तेच लावतील. आणि हैबतराव, घ्या ते फडकं खांद्यावर!"

हैबतराव निमूटपणे भज्यांचं ताट घेऊन निघाले, थेट राजांकडे. राजांनी डोळे वटारले आणि नुकतेच येऊन टेकलेल्या नेमाजींकडे बोट दाखवलं.

राजांनाही भजी मिळाली, अगदी कढईतली. पण वस्तादांचं पोट भरल्यावर!