साहेबांचा शेरा

निराधार योजनेचं अनुदान अचानक थांबलं, म्हणून चांगुणाबाई तहसील कार्यालयात गेल्या.

"आजी, यादीत तुम्ही मयत आहात," शिपाई हळूच म्हणाला.

चांगुणाबाईंनी लगेच ती यादी पाहायला मिळावी, असा अर्ज दिला.

नायब तहसीलदार दाभाडेसाहेब खेकसले, "यादी आम्ही घरोघर फिरून केलीय. एक चूक नाही तिच्यात. दाखवायची कशाला?"

"मग तसं लिहून द्या, साहेब."

साहेबांनी रागारागात अर्जावरच शेरा मारला : 'अर्जदार चांगुणा भिवा सपकाळ समक्ष हजर. यादी अचूक असल्याने दाखविण्याची गरज नाही.' खाली सही केली, शिक्का उमटवला.

चांगुणाबाईंनी शेरा नीट वाचला. "साहेब, तुमच्या यादीत मी मेलेय आणि तुमच्याच सहीनं इथं हजर आहे. यातलं खोटं कुठलं, ते कलेक्टरसाहेबांना विचारून येऊ का?"

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. यादी मुकाट्यानं टेबलावर आली. चांगुणाबाई मयतांची नावं मोठ्यानं वाचू लागल्या आणि तिसऱ्याच नावाला त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला.

बाहेरच्या बाकावरून एका म्हाताऱ्यानं ओ दिली होती.