गप झालं की उघड

एका गावात एक भोळा गेनू होता. अंगाने रेडा, मनाने वासरू. सांगितलेलं तो कधी मोडत नसे. तिथंच सगळा घोळ होता.

माळावर मेंढरं घेऊन आलेल्या बिरा धनगराने त्याला कुत्र्याचं एक काळं पिल्लू दिलं. गेनूला मूलबाळ नव्हतं. त्याने पिल्लू छातीशी धरलं ते सोडेना.

बिरा म्हणाला, "हरखू नगंस. रात्री कोंबड्या झाकायच्या डालग्याखाली ठेवायचं. आठव्या पहाटे मी येणार. कोंबडा आरवेपर्यंत गप झोपलं, तर तुझं. न्हाई तर उचलून नेणार."

पहिल्या पहाटे पिल्लू रडलं. गेनूने डालगं उचललं. झाकलं. पुन्हा रडलं, पुन्हा उचललं. असं सात वेळा. बायको हौसा अंथरुणातून ओरडली, "अवो, रडतंय तोवर उघडू नका! गप झालं की मगच उघडा!"

"बरं."

दुसऱ्या पहाटे पहिल्या एसटीने सासरे आले. डोक्यावर शेंगांचं पोतं. "जावईबापू, दार उघडा!"

आतून गेनू म्हणाला, "ओरडताय तोवर न्हाई, मामा. गप झालात की उघडतो."

सासऱ्यांनी हाका मारमारून घसा बसवला. घसा बसला, दार उघडलं. ते आत आले आणि पिल्लाने केलेल्या ओलीत घसरून बसले. घोगऱ्या आवाजात म्हणाले, "जावईबापू, पहाटे उठल्याबरोबर बाहेर न्यावं. काम उरकलं की पाठ थोपटावी, शाब्बास म्हणावं, गुळाचा खडा द्यावा."

"बरं."

तिसऱ्या पहाटे सासरे टमरेल घेऊन ओढ्याकडे निघाले. मागे गेनू. सासरे थांबले की तोही थांबे. सासरे झुडपाआड गेले. काम उरकून उठले, तोच पाठीवर थाप पडली.

"शाब्बास, मामा! घ्या गूळ."

टमरेल ओढ्यातून वाहत गेलं. सासरे खेकसले, "माझ्या मागं काय लागलाय? त्या पिल्लाचं बघा! पहाटे आवाज केला की वरनं पोतं टाका. अंधारात गप पडतं."

"बरं."

सासरे त्याच दिवशी परत गेले. शेंगासुद्धा घेऊन गेले.

चौथ्या पहाटे गेनूचा कोंबडा आरवला. आवाज केला म्हणून गेनूने त्याच्यावर पोतं टाकलं. कोंबडा गप झाला. सगळं गाव त्याच कोंबड्यावर उठत असे. गाव उठलं तेव्हा ऊन डोक्यावर होतं. दुधाची गाडी रिकामी गेली. मास्तर शाळेत पोचले ते सुटायची घंटा द्यायलाच.

"कोंबड्यावर न्हाई, पिल्लावर टाका!" हौसा म्हणाली.

"मग तसं सांगायचं," गेनू म्हणाला.

पुढच्या तीन दिवसांत पिल्लू शिकलं. गेनू तसाच राहिला.

आठव्या पहाटे बिरा आला. काठी-घोंगडं कोपऱ्यात ठेवून डालग्यापाशी बसला. पिल्लू गाढ झोपलेलं. कोंबडा आरवायला थोडाच अवकाश.

"जिंकलास, गड्या," बिरा कुजबुजला. "एकदम गप हाय."

"गप हाय?" गेनू म्हणाला. "मग उघडाय पायजे." आणि त्याने डालगं उचललं.

पिल्लू जागं झालं आणि असं केकाटलं की कोंबडासुद्धा दचकला.

"बोली म्हंजे बोली," म्हणत बिराने पिल्लू काखेत मारलं आणि अंगणात आला. पिल्लू आणखीच रडू लागलं. गेनूच्या डोळ्यांना धार लागली. तरी तो म्हणाला, "बिरादा, रडतंय तोवर नेऊ नका. गप झालं की न्या."

बिराला दया आली. "घे. कर गप."

गेनूच्या हातात येताच पिल्लू गप झालं. त्याची हनुवटी चाटू लागलं. गेनूने ते लगेच पुढे केलं. "झालं गप. न्या आता."

बिराने घेतलं. रडलं. गेनूने घेतलं. गप झालं. "न्या आता." असं अकरा वेळा.

"अरं येड्या, ठेवून घे की!" बिराला घाम फुटला.

"पर गप झालंय न्हवं?"

हौसा तरातरा बाहेर आली. पिल्लू हिसकावलं, आत गेली, कडी लावली. बिराची काठी आत, घोंगडं आत, मेंढरं माळावर मोकाट. दोघे दार बडवू लागले.

आतून हौसा म्हणाली, "ओरडताय तोवर उघडणार न्हाई. गप झालात की उघडीन."

बिरा शहाणा. लगेच गप झाला. गेनूही गप झाला. पण आत कळणार कसं? त्याने दाराला तोंड लावलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "हौसे! आम्ही गप झालोय गं!"

दुपारपर्यंत तो तेच ओरडून सांगत होता.