गुरूने दिलेला एकीचा धडा

पृथ्वीवर अजून गवताचं पातंही उगवलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यात ठिकरी नावाची एक शिळा राहत होती. रंगाने कोळशासारखी, अंगाने बटाट्यासारखी वेडीवाकडी. स्वतःभोवती गरगरत ती पाच वर्षांत सूर्याला एक फेरी घाली.

दर आठ-नऊ वर्षांनी गुरू शेजारून जाई आणि सगळ्या शिळांना सुनावी, "एवढ्या जणी असून तुमचा एक ग्रह होत नाही. एकीच नाही तुमच्यात." बिचाऱ्या शिळा खाली मान घालून ऐकून घेत.

एकदा मात्र ठिकरीला राहवेना. "महाराज, आम्ही जमतच होतो," ती म्हणाली. "तुमच्या ओढीने आमच्या वाटा फाकल्या आणि आम्ही एकमेकींवर आपटलो. ही माझी तुटकी कड बघा. इथे माझी बहीण होती."

"मी मुद्दाम नाही केलं," गुरू म्हणाला. "माझं वजनच तेवढं आहे."

"मुद्दाम नसेल. पण मग एकीचा धडा तरी तुम्ही देऊ नका."

गुरू पुढे गेला. त्याची ओढ कमी झाली नाही, शिळांचा ग्रहही झाला नाही. पण पुढच्या खेपेला तो आला, तेव्हा पट्ट्यातली एकेक शिळा त्याच्याकडे रोखून पाहत होती.